कमरेची गादी बदलायची का? एल५–एस१ च्या एका प्रकरणाचा निर्णय

एल५–एस१ म्हणजे कमरेचा शेवटचा, पाचवा मणका आणि त्याखालची त्रिकास्थी यांमधली जागा; तिथली गादी म्हणजेच चकती. हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. कारखान्यात कमरेला दुखापत झालेल्या रुग्णांमध्ये जे नेहमी दिसते ते एकत्र आणून मांडले आहे. त्यामुळे रुग्णाचे वय, वजन आणि गुणांक उदाहरणादाखल घ्यावेत. कृत्रिम चकतीची रचना, शस्त्रक्रियेच्या पायऱ्या, पात्रतेचे निकष आणि संशोधनातले आकडे मात्र प्रत्यक्षातले आहेत.

दुखापत आणि नंतरचे चौदा महिने

रुग्ण ३६ वर्षांचे, उंची १७० सेंमी, वजन ७८ किलो, चाकणच्या एका कारखान्यात व्हीएमसी (धातू कापणाऱ्या संगणकचालित) मशीनवर ऑपरेटर. जमिनीलगतच्या पॅलेटवरून सुमारे ३० किलोचा कास्टिंगचा जॉब उचलून, कमरेतून वळून तो फिक्स्चरवर ठेवताना कमरेत जोराची चमक निघाली. पाठ वाकलेली, वजन अंगापासून लांब आणि त्यात वर पीळ. चकतीचे बाहेरचे तंतुमय कडे फाटायला याहून सोयीची स्थिती नाही. पाळी संपेपर्यंत त्यांनी काम रेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठता येईना.

पहिले सहा आठवडे डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जायची. ती हळूहळू गेली. कंबर मात्र दुखतच राहिली. वीस मिनिटे बसले की दुखणे वाढते. बेसिनवर वाकून तोंड धुताना, बुटाची नाडी बांधताना, मोटारसायकल खड्ड्यात आदळताना कळ येते. चालले किंवा आडवे झाले की बरे वाटते. मागे वाकण्याने फारसा फरक पडत नाही.

चौदा महिन्यांत वेदनाशामक गोळ्या, सुरुवातीला दोन आठवडे पूर्ण विश्रांती, पाच महिने दिवसभर पट्टा, ट्रॅक्शन, शेक आणि मणक्यातले एक स्टिरॉइड इंजेक्शन एवढे झाले. तीन तज्ज्ञांची मते घेतली. एकांनी स्क्रू-रॉड घालून मणके जोडायला सांगितले, दुसऱ्यांनी कृत्रिम चकती सुचवली, तिसऱ्यांनी व्यायाम करा म्हणून पाठवले. तिन्ही मते एकाच एमआरआयवर दिलेली होती. शिवाय गोल्फपटू टायगर वूड्स यांची बातमी घरच्यांनी वाचली होती: २०१७ मध्ये त्यांच्या एल५–एस१ ची जोडणी झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या वरची एल४–५ ची चकती बदलली. जगातल्या इतक्या मोठ्या खेळाडूने केले, मग आपण का नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण वूड्स यांनी जाहीर केलेल्या माहितीत चकती खचल्याचा, तिचे तुकडे सुटल्याचा आणि मज्जारज्जूच्या पोकळीत अडथळा आल्याचा उल्लेख होता. आपल्या रुग्णाची कंबर वेगळ्या जातीची आहे.

आधी धोक्याच्या खुणा

शस्त्रक्रियेच्या चर्चेआधी हे संपवावे लागते. गुदद्वार आणि जांघेभोवतीचा बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, पाऊल लुळे पडणे, यातले काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे; चकती बदलण्याचा विचार तिथे गैरलागू. आपल्याकडे आणखी एक गोष्ट कधीच सोडता येत नाही, ती म्हणजे मणक्याचा क्षयरोग. रात्रीचे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, वाढलेला ईएसआर (रक्तातून सूज दाखवणारी तपासणी) हे सगळे विचारले आणि तपासले पाहिजे. या रुग्णाच्या एमआरआयमध्ये चकतीलगतच्या हाडात मोडिक प्रकार १ चे, म्हणजे सुजेचे बदल होते. जंतुसंसर्गातही हाड असेच दिसू शकते, म्हणून ईएसआर आणि त्याच कामाची सीआरपी अशा दोन्ही तपासण्या केल्या. दोन्ही सामान्य आले, चकतीत पाणी दिसत नव्हते आणि हाडाची कड शाबूत होती. संसर्गाचा विषय तिथे संपला.

एमआरआयने काय सांगितले, काय नाही

अहवाल असा: एल५–एस१ ची चकती काळवंडलेली, फिरमन श्रेणी ४ (झिजेची १ ते ५ अशी मोजपट्टी), उंची मध्यम प्रमाणात घटलेली, मागच्या कड्यात चिरेची पांढरी खूण, मध्यभागी लहान फुगवटा, पण नस दबलेली नाही. एल४–५ श्रेणी ३, बाकीच्या चकत्या चांगल्या.

असा अहवाल हातात आला की गादी खराब झाली, बदलली की दुखणे जाईल, असे वाटते. इथेच पहिली मोठी चूक होते. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत, चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली. काळी चकती म्हणजे दुखणारी चकती नव्हे. मोडिक १ चे बदल आणि कड्यातली चीर यांमुळे शंका बळावते, खात्री होत नाही.

म्हणून दुखण्याचे बाकीचे उगम एकेक करून तपासले. नितंबाचा सांधा फिरवून पाहिला, निर्दोष. सॅक्रोइलियाक, म्हणजे त्रिकास्थी आणि कटीचे हाड यांमधल्या सांध्यावर ताण देणाऱ्या चाचण्यांत कळ आली नाही. मागे वाकून एका बाजूला वळवले असता मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांवर, म्हणजे फॅसेटवर दाब येतो; तिथेही नेहमीची कळ उमटली नाही. पाय सरळ उचलण्याची चाचणी ७५ अंशांपर्यंत ठीक, टाचेचा प्रतिक्षेप दोन्हीकडे सारखा, डाव्या चवड्यावर सलग दहा वेळा उठता आले. म्हणजे एस१ नस काम करते आहे.

चकतीत सुई घालून द्रव भरायचा आणि नेहमीचेच दुखणे उठते का ते पाहायचे, ही डिस्कोग्राफी अजूनही काही ठिकाणी सुचवली जाते. ती केली नाही. भीती किंवा नैराश्य असलेल्यांत ती खोटी होकारार्थी येते, आणि सुईने टोचलेल्या निरोगी चकत्या पुढे लवकर झिजतात असे दहा वर्षांच्या पाठपुराव्यात दिसले आहे. त्या माहितीसाठी शेजारची चांगली चकती तुलनेकरिता टोचायची, हा सौदा महाग आहे.

कागदावरची पात्रता

आडव्या एमआरआयवर चकती बदलण्याचा निर्णय कधीच होऊ नये. उभे राहून काढलेले समोरचे आणि बाजूचे एक्स-रे, पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे, फॅसेटसाठी सीटी स्कॅन आणि हाडाच्या घनतेची डेक्सा तपासणी एवढे किमान लागते. एक्स-रेवर मणके वरून मोजून घ्यावेत. काहींचा पाचवा मणका त्रिकास्थीला जोडलेला असतो, काहींना सहावा असल्यासारखा दिसतो. एका अहवालातला एल५ दुसऱ्या अहवालात एल४ ठरतो आणि चुकीच्या पातळीवर शस्त्रक्रिया होण्याची वाट मोकळी होते.

या रुग्णाचे निष्कर्ष पाहू. मणका सरकलेला नाही, मागच्या कमानीत तडा नाही. फॅसेटची झीज किरकोळ. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण कृत्रिम चकती समोरचा भाग बदलते, मागचे सांधे तसेच राहतात. ते आधीच झिजलेले असतील तर चकती हलू लागल्यावर दुखणे वाढते. चकतीची उरलेली उंची ६ मिमी. उंची साधारण ४ मिमीच्या खाली गेली की आजूबाजूच्या ऊती आखडतात, जागा उघडायला जास्त जोर लागतो आणि हालचाल मिळण्याची आशा कमी होते. डेक्साचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी केलेली तुलना, उणे ०.८. प्रोडिस्क-एल या चकतीसाठी उणे १.० च्या खालचे हाड चालत नाही, कारण धातूची पाटी मऊ हाडात रुतते. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत एरवी झेड-स्कोअर, म्हणजे समवयस्कांशी केलेली तुलना पाहतात, पण इम्प्लांटच्या निकषात टी-स्कोअर लिहिला आहे, म्हणून तोच धरायचा. रुग्ण काठावर पास आहे. ड जीवनसत्त्व दर मिलीलिटरला १४ नॅनोग्रॅम, म्हणजे कमी. धातूच्या अॅलर्जीचा इतिहास नाही, पोटावर आधी शस्त्रक्रिया नाही.

कंबरदुखीमुळे येणारी अक्षमता मोजणाऱ्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीत दहा विभाग असतात, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज दुप्पट केली की टक्के मिळतात. रुग्णाला ५० पैकी २३, म्हणजे ४६ टक्के. ४१ ते ६० ही तीव्र अक्षमता. नैराश्याच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत १३. हा मध्यम नैराश्याचा आकडा आहे. तो मनाचा खेळ म्हणून बाजूला सारायचा नसतो आणि त्यावरून रुग्णाच्या दुखण्यावर शंकाही घ्यायची नसते. पगार निम्म्यावर आलेला माणूस चौदा महिने नीट झोपत नसेल तर हे होणारच. पण उपचार न केलेले नैराश्य घेऊन टेबलावर गेलेल्या रुग्णाला मणक्याच्या शस्त्रक्रियेचा फायदा कमी होतो, म्हणून त्याचे उपचार आधी.

एवढे पाहिल्यावर कागदावर हे गृहस्थ चांगले उमेदवार दिसतात: तरुण, एकच पातळी, फॅसेट शाबूत, नस मोकळी, हाड पुरेसे. एक रकाना मात्र उरला होता. किमान सहा महिने शस्त्रक्रियेविना उपचार करूनही फरक नाही, ही अट. तीनही तज्ज्ञांच्या कागदांवर तिथे बरोबरची खूण होती. त्याकडे पुढे येऊ.

बसवतात ते काय, आणि कसे

पहिली प्रचारात आलेली कमरेची कृत्रिम चकती पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात घडली. कारिन ब्युटनर-यान्झ आणि कुर्ट शेलनाक यांनी ती विकसित केली, १९८४ मध्ये पहिल्यांदा बसवली. यातल्या ब्युटनर-यान्झ म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकलेल्या खेळाडू. पुढे त्या अस्थिशल्यविशारद झाल्या. शारिटेला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली, पुढे ती बाजारातून गेली. प्रोडिस्क-एल ला २००६ मध्ये आणि अॅक्टिव्ह-एल ला २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

प्रोडिस्क-एल मध्ये तीन भाग असतात. वरची आणि खालची पाटी कोबाल्ट-क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूची. हाडाकडच्या बाजूला टायटॅनियमचा खरखरीत थर, त्यात हाड वाढून पकड घेते. प्रत्येक पाटीला मधोमध उभी धार असते, ती मणक्यात कापलेल्या खाचेत बसते. खालच्या पाटीत घट्ट पॉलिथिलीनचा घुमट अडकवतात आणि वरची पाटी त्यावर फिरते. घुमट १०, १२ आणि १४ मिमी उंचीचे मिळतात.

रस्ता पोटातून आहे, पाठीतून नाही. रुग्णांना बहुधा हे ठाऊकच नसते. बेंबीखाली छेद घेऊन, पोटाचा पडदा न उघडता बाजूला सारून मणक्याच्या समोर पोहोचतात. हे काम रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाने किंवा या मार्गाचा भरपूर सराव असलेल्या सर्जनने करावे. महाधमनी साधारण चौथ्या मणक्यासमोर दुभंगते. त्यामुळे एल५–एस१ वर दोन फांद्यांच्या मधल्या जागेतून जाता येते. मधली बारीक वाहिनी बांधली की वाट मोकळी होते. एल४–५ ला मात्र डावी मोठी शीर सोडवून उजवीकडे ओढावी लागते, त्यासाठी तिच्या फांद्या बांधाव्या लागतात. गंभीर रक्तस्रावाचा धोका तिथे जास्त.

मग सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली मणक्याची मध्यरेषा नक्की करून खूण करतात. चकती पूर्ण काढतात, मणक्याच्या पाट्यांवरचा कूर्चेचा थर खरवडतात, पण खालचे कठीण हाड जपतात. ते फोडले की इम्प्लांट रुतणारच. जागा मागपर्यंत समांतर उघडावी लागते. नमुना-इम्प्लांट घालून आकार, उंची आणि कोन ठरवतात, छिन्नीने खाच पाडतात, पाट्या ठोकून बसवतात आणि शेवटी घुमट सरकवून अडकवतात. घुमट अडकल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करायची. पाटी आणि घुमट यांत पायरी जाणवली तर तो बसलेला नाही.

जागा चुकली की पुढचे सगळे चुकते. इम्प्लांट मध्यरेषेपासून बाजूला गेले तर एका फॅसेटवर कायमचा जादा भार पडतो. फार पुढे राहिले तर फिरण्याचा आस पुढे जातो आणि मागचे सांधे आखडतात. उंची जास्त घेतली तर फॅसेट ताणले जातात, नवी नसदुखी सुरू होते. उत्साहाने मोठा आकार बसवणे ही या शस्त्रक्रियेतली नेहमीची चूक आहे.

उलटले तर

रक्तवाहिनी फाटणे, पायाच्या शिरेत गुठळी, पाटी रुतणे, घुमट निसटणे, इम्प्लांटभोवती हाड वाढून हालचालच बंद होणे, ही यादी संमतिपत्रात असते. काही गोष्टी तिथे एका ओळीत उरकल्या जातात, त्यांवर थांबायला हवे.

एल५–एस१ समोर मज्जातंतूंचे एक नाजूक जाळे असते. ते दुखावले तर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. लैंगिक क्षमता राहते, पण मूल होण्यात अडचण येते. या दांपत्याला दुसरे मूल हवे होते आणि ही गोष्ट त्यांना कोणीच सांगितलेली नव्हती. शस्त्रक्रिया ठरलीच तर आधी वीर्य गोठवून ठेवण्याचा पर्याय स्पष्ट शब्दांत पुढे ठेवला पाहिजे. डॉक्टरांना संकोच वाटतो म्हणून हे राहून जाणे अक्षम्य आहे. आणखी एक लहान गोष्ट: काहींना नंतर उजवा पाय गार लागतो. प्रत्यक्षात डाव्या बाजूच्या तंतूंना धक्का बसून डावा पाय उबदार झालेला असतो. हे आधी सांगितले की घबराट टळते.

सर्वांत जड प्रश्न पुनर्शस्त्रक्रियेचा. पहिल्या दोन आठवड्यांत त्याच वाटेने परत जाता येते. त्यानंतर मोठ्या शिरा आणि धमन्या व्रणात चिकटतात आणि दुसऱ्यांदा पोटातून जाणे जिवावर बेतू शकते. नॉर्वेतल्या अभ्यासात घुमट निसटलेल्या एका रुग्णाच्या पुनर्शस्त्रक्रियेत धमनीला इजा झाली आणि त्याचा शेवट पाय गुडघ्याखाली कापण्यात झाला. असे क्वचित होते. पण म्हणूनच बिघडलेली चकती बहुतेक वेळा जागेवरच ठेवून पाठीमागून स्क्रू-रॉडने जोडणी करतात. हालचाल टिकावी म्हणून केलेली शस्त्रक्रिया मग जोडणीवरच येऊन थांबते. शिवाय कोबाल्ट-क्रोमियममुळे नंतरच्या एमआरआयमध्ये त्या पातळीवर काळा डाग पडतो, बारकावे दिसत नाहीत.

पुरावा किती भक्कम

अमेरिकेतल्या मान्यतेसाठी झालेल्या चाचण्यांत कृत्रिम चकतीची तुलना मणके जोडण्याशी होती. शारिटेच्या चाचणीत ३०४ रुग्ण होते, प्रोडिस्क-एल च्या चाचणीत २३६. दोन्हींत सिद्ध करायचे होते ते एवढेच, की चकती जोडणीपेक्षा वाईट नाही. तसे ते सिद्ध झाले. पण नुसत्या कंबरदुखीसाठी मुळात जोडणीचाच फायदा वादात असताना तिच्याइतके चांगले असणे ही छोटी पायरी आहे. संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात जोडणीच्या तुलनेतला फरक रुग्णाला जाणवेल इतका मोठा आढळला नाही.

या प्रकरणाला थेट लागू पडतो तो नॉर्वेचा अभ्यास, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. १७३ रुग्णांपैकी काहींना कृत्रिम चकती, काहींना व्यायाम आणि मानसिक आधार यांचा सुमारे ६० तासांचा सघन कार्यक्रम. दोन वर्षांनी दोन्ही गट सुधारले. ऑस्वेस्ट्रीत चकतीचा गट ८.४ गुणांनी पुढे होता. अभ्यासकांनी आधीच ठरवलेला महत्त्वाचा फरक १० होता. आठ वर्षांनी अंतर ६.१ उरले. म्हणजे शस्त्रक्रियेचा फायदा खोटा नाही, पण नीट केलेल्या पुनर्वसनाशी तुलना केली तर तो लहान आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी चकती बदलू नये, असे सरळ लिहिले. आमच्या मते नीट निवडलेल्या मोजक्या रुग्णांसाठी ही वाट उघडी राहावी. पण निवड नीट म्हणजे काय, हेच या प्रकरणात कळीचे ठरले.

तो राहिलेला रकाना

सहा महिन्यांच्या उपचाराची खूण तपासायला फिजिओथेरपीचे सगळे कागद मागवले. तीन केंद्रे, पन्नासच्या आसपास बैठका. प्रत्येक बैठकीत तेच: शेक, आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचे मशीन), अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन. शेवटी व्यायामाच्या चित्रांचा एक छापील कागद हातात. तो व्यायाम करताना रुग्णाला कोणी पाहिले नाही, वजन एकदाही वाढवले नाही, उचलायचे कसे हे शिकवले नाही. कागदावर पाय सरळ ठेवून आडवे झाल्यावर उठून बसण्याचे व्यायाम (सिट-अप) होते. वाकण्याने दुखणाऱ्या चकतीसाठी ते म्हणजे आगीत तेल. स्टिरॉइड इंजेक्शन दिले तेव्हा पायाची कळ गेलेली होती, त्यामुळे त्याचा उपयोग होण्याचे कारणच नव्हते. तंबाखू-चुना दिवसातून सहा-सात वेळा सुरू होता. त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

मशीन लावून घेणे हा कंबरदुखीचा उपचार नाही, तात्पुरता आराम आहे. आपल्याकडे शस्त्रक्रियेविना सगळे करून पाहिले असे सांगणाऱ्या अनेकांची फाइल उघडली की हेच निघते. त्या रकान्यातली खूण पुसून तिथे लिहिले: प्रयत्न झालेला नाही.

सोळा आठवडे

पहिले तीन आठवडे: पट्टा रोज दोन तासांनी कमी करत सोडवला. सपाट रस्त्यावर १० मिनिटे चालणे, दिवसातून तीनदा. झेपेल तसे वाढवत ३० मिनिटे दोनदा. बसायची मर्यादा २० मिनिटे, फोनवर गजर लावून. रात्रभर आडवे राहून चकती पाण्याने फुगलेली असते, म्हणून उठल्यावर पहिले दोन तास खोल वाकायचे नाही. तोंड धुताना एक पाय पुढे घेऊन नितंबातून वाकायचे. व्यायाम तीनच: एक गुडघा वाकवून डोके-खांदे किंचित उचलणे, गुडघ्यावर टेकून कुशीचा प्लँक, आणि रांगत्या स्थितीत विरुद्ध हात-पाय लांब करणे. प्रत्येक पकड ८ ते १० सेकंद. आधी सहा वेळा, मग चार, मग दोन.

नितंबातून वाकणे काठीने शिकवले. काठी पाठीवर उभी धरायची. डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. वाकताना एक जागा सुटली की कंबर वाकली. हे जमायला आठवडाभर लागतो आणि ते जमेपर्यंत वजन द्यायचे नाही.

चौथ्या आठवड्यापासून भार. ४५ सेंमी उंचीच्या स्टुलावरून ५ किलो उचलणे, आठाच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. दर आठवड्याला अडीच किलो वाढ, एका नियमाने: दुखणे दहापैकी दोनपेक्षा जास्त वाढू नये आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर यावे. तसे नसेल तर आधीच्या वजनावर परत. नवव्या आठवड्यापासून उचलायची उंची ३० सेंमीवर आणली, एका हातात १२ किलोची पिशवी घेऊन चालणे आणि वजन घेऊन वळताना पावले टाकणे सुरू केले, कारण दुखापत पावले जागेवर ठेवून वळल्यानेच झाली होती.

सोबत ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, तंबाखू सोडण्यासाठी निकोटीनचे च्युइंगम, नैराश्यासाठी समुपदेशन. आठव्या आठवड्यात कारखान्यात तपासणी विभागात हलके काम मिळाले. त्यांच्या मशीनजवळचे पॅलेट सुमारे ७५ सेंमी उंचीवर घ्यावे आणि १५ किलोवरचा जॉब होइस्टने उचलावा, असे पत्र कारखान्याच्या डॉक्टरांना दिले. हे पत्र औषधाच्या चिठ्ठीइतकेच गरजेचे आहे. त्याच जागी तसाच जॉब उचलायला परत पाठवले तर कुठलाच उपचार टिकत नाही.

सहाव्या आठवड्यात ऑस्वेस्ट्री ४६ वरून फक्त ४२ वर आली होती. बहुतेक लोक इथेच सोडतात आणि रुग्ण सर्जनची वेळ घ्यायच्या बेतात होते. पण चालण्याचा वेळ आणि उचललेले वजन दोन्ही वाढत होते, दुखणे मात्र तेवढेच होते. क्षमता आधी वाढते, वेदना मागून उतरते, हे वहीतल्या नोंदी दाखवून समजावले. दहाव्या आठवड्यात ३४, सोळाव्यात २८. पीएचक्यू-९ सहावर. गोळी रोजची होती, ती आठवड्यातून एखाद्या वेळी.

निर्णय

रुग्ण बरे झालेले नाहीत. दुखणे अजून दहापैकी तीन-चार असते, सलग बसणे ४५ मिनिटांच्या वर जमत नाही. शस्त्रक्रियेने यात आणखी भर पडली असती का? कदाचित. पण पात्रता ठरवणारी मूळ अटच आता पूर्ण होत नाही. २८ गुणांवर असलेल्या माणसाला मिळू शकणारा जादा फायदा थोडा. त्याच्या बदल्यात ३६ व्या वर्षी बसवलेली चकती पुढची चाळीस वर्षे झिजणार, पुनर्शस्त्रक्रियेची वाट धोक्याची, आणि दुसऱ्या मुलाचा विचार बाकी. तूर्त शस्त्रक्रिया नाही, असे दांपत्याशी सविस्तर बोलून ठरले.

दार बंद केलेले नाही. कार्यक्रम चालू असताना सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा ऑस्वेस्ट्री ४० च्या वर गेली, किंवा बदललेले कामही झेपेना, तर प्रकरण पुन्हा उघडायचे. पायात नव्याने अशक्तपणा आला तर तो वेगळा प्रश्न. तिथे नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया लागते, चकती बदलण्याची नाही.

पुन्हा उघडले तर नवा एमआरआय, उभ्याचे एक्स-रे आणि फॅसेटचा सीटी पुन्हा. तंबाखू तीन महिने पूर्ण बंद. सर्जनना विचारायचे प्रश्न फाइलमध्ये लिहून ठेवले आहेत. कमरेच्या किती चकत्या त्यांनी स्वतः बसवल्या आणि त्यातल्या कितींची पुनर्शस्त्रक्रिया झाली? पोटातून वाट कोण करून देणार आणि ते पूर्ण वेळ टेबलापाशी असतील का? इम्प्लांटचे नेमके नाव काय? खाच पाडताना हाड फुटले किंवा शीर सोडवता आली नाही तर त्याच वेळी जोडणी करणार का, आणि त्याची संमती आधी घेतली आहे का? विम्याच्या पूर्वमंजुरीत इम्प्लांटचे नाव आणि रक्कम वेगळी लिहिली आहे का? इम्प्लांटच्या खोक्यावरचे लॉट नंबरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवून त्याची प्रत रुग्णाला द्यायची.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तेव्हा ऑस्वेस्ट्री, बसण्याचा वेळ आणि ३० सेंमीवरून उचलता येणारे वजन मोजायचे. तोपर्यंत आठवड्यातून तीन दिवसांचा भाराचा व्यायाम चालूच राहील.